ला गुलू : टाळ्या थांबल्यानंतरची चौतीस वर्षं

1895 सालच्या 6 एप्रिलला पॅरिसमधल्या एका नर्तकीने आपल्या चित्रकार मित्राला छोटंसं पत्र लिहिलं. सोमवारी दुपारी दोनला तुझ्याकडे येते. त्रोनच्या जत्रेत माझा मांडव लागणार आहे, आत शिरलं की डाव्या हाताला. जागा फार चांगली मिळालीय. सवड काढून काही रंगवून दिलंस तर मला आनंद होईल. कापड कुठून घ्यायचं तेवढं सांग, त्याच दिवशी आणून देते. पत्रातला मजकूर एवढाच. त्यात रडगाणं नाही, जुन्या ओळखीचा दाखला नाही, मदतीची याचना तर नाहीच. नवं दुकान थाटणाऱ्या बाईने ओळखीच्या कारागिराला लिहावं तसं ते आहे.

पत्र लिहिणारी होती लुईझ वेबर. पॅरिस तिला ‘ला गुलू’ म्हणजे खादाड या नावाने ओळखत असे, कारण नाचता नाचता गिऱ्हाइकांच्या टेबलांवरचे ग्लास उचलून ती रिकामे करायची. पत्र ज्याला लिहिलं तो आंरी द तुलूझ-लोत्रेक. तिची तिशी अजून उलटायची होती. पॅरिसमधल्या सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या नर्तकींत तिची गणना होत होती. आणि त्याच वर्षी ती मुलँ रूज हे नाचघर सोडून, स्वतःच्या कमाईवर स्वतःचा खेळ उभा करायला निघाली होती. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पुढचं सगळं ‘आणि मग तिचे वाईट दिवस आले’ अशा एका वाक्यात उरकतात. मला ही घाई खटकते. रंगमंचावरची तिची मोठी वर्षं जेमतेम दहा-बारा. त्यानंतर ती चौतीस वर्षं जगली.

1866 च्या जुलैत पॅरिसला लागून असलेल्या क्लिशीमध्ये तिचा जन्म झाला. आई लाँड्रीत कपडे धुवायची, मुलगीही लवकरच त्या कामाला लागली. गिऱ्हाइकांचे धुवायला आलेले उंची झगे एका रात्रीपुरते अंगावर चढवून ती नाचघरात जायची, असं सांगतात. खरं-खोटं करण्याची सोय नाही, पण ज्या मुलीच्या हातून दिवसभर दुसऱ्यांची लेस आणि रेशीम जात होतं तिला तो मोह पडला असेल, यात नवल कसलं? मोंमार्त्रच्या टेकडीवरचं मुलँ द ला गालेत, मग एलिझे-मोंमार्त्र, अशी ती एकेक नाचघर वर चढत गेली. चित्रकारांसमोर आणि छायाचित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसली. पायाचा अंगठा नेमका मारून समोरच्या पुरुषाच्या डोक्यावरची टोपी उडवायची ही तिची खास करामत. एका रात्री इंग्लंडच्या युवराजाला तिने नावाने हाक मारून शँपेन मागवायला लावली, ही गोष्ट तर दंतकथाच होऊन बसली आहे.

6 ऑक्टोबर 1889 ला मुलँ रूज उघडलं. आयफेल टॉवरवालं जागतिक प्रदर्शन त्याच वर्षीचं. जोझेफ ओलेर आणि शार्ल झिडलेर या दोघा धंदेवाइकांनी ओळखलं होतं की, पैसेवाल्या पॅरिसला टेकडीवरच्या गरीब वस्तीचा उनाडपणा हवा आहे, फक्त तो स्वच्छ आणि विजेच्या दिव्यांत न्हालेला हवा. ला गुलू हा त्या उनाडपणाचा अस्सल नमुना. तिच्या जोडीला वालाँतँ नावाचा लांबट, काटकुळा नर्तक होता. त्याला लोक ‘बिनहाडांचा’ म्हणत. पैशासाठी तो नाचत नसे अशी त्याची ख्याती होती.

1891 च्या अखेरीला मुलँ रूजने लोत्रेककडून जाहिरात करून घेतली. तिच्या सुमारे तीन हजार प्रती छापल्या गेल्या आणि माणसाच्या उंचीचं ते चित्र पॅरिसच्या भिंतीभिंतींवर लागलं. मधोमध ती, ठिपक्यांचं लाल पोलकं, पांढऱ्या परकरांचा घेर, एक पाय वर. पुढे वालाँतँची करडी आकृती. मागे प्रेक्षक. या प्रेक्षकांकडे नीट पाहावं. त्यांना चेहरे नाहीत. उंच टोप्या आणि बायकांच्या हॅटमधली पिसं यांची एक सलग काळी पट्टी आहे, बस. त्या चित्राने लोत्रेक एका रात्रीत प्रसिद्ध झाला, मुलँ रूजची भरभराट झाली. ज्या बाईचं ते चित्र होतं तिचा त्यावर काही हक्क असण्याचा प्रश्नच त्या काळात नव्हता. आजही ती जाहिरात कप, छत्र्या आणि फ्रिजवरच्या चकत्यांवर जगभर विकली जाते.

मग तिने मुलँ रूज का सोडलं? लोक आपल्याला पाहायला येतात असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटायला सबळ कारण होतं. भिंतीवर तिचं नाव होतं. शिवाय हवा बदलत होती. 1889 च्या प्रदर्शनातल्या कैरोच्या गल्लीने पॅरिसला पोट हलवून करायच्या पौर्वात्य नाचाचं वेड लावलं होतं. फोली-बेर्झेर या रंगगृहात 1892 पासून नर्तकी लोई फुलर रेशमी कापड आणि रंगीत दिवे यांनी वेगळीच जादू करत होती. नुसत्या पाय उंच उडवण्याच्या कँकॅन नाचावर फार काळ निभणार नाही, हे ला गुलूला कळलं असणार. म्हणून तिने नवा नाच घेतला, नवी जागा घेतली आणि आपल्या जुन्या मित्राला रंगवायला बोलावलं. यात मूर्खपणा कुठे आहे?

लोत्रेकने तिला दोन प्रचंड पडदे रंगवून दिले, जवळजवळ तीन मीटर बाय तीन मीटरचे. मांडवाच्या तोंडाशी ते दोन बाजूंना लागले. डावीकडच्यावर ती वालाँतँबरोबर मुलँ रूजमध्ये नाचते आहे, म्हणजे झालेलं. उजवीकडच्यावर ती पौर्वात्य वेशात नव्या नाचाचा पाय उचलते आहे, म्हणजे होऊ घातलेलं. आणि या दुसऱ्या पडद्यावर तिच्यासमोर प्रेक्षक उभे आहेत, आपल्याकडे पाठ करून. त्यात टीकाकार फेलिक्स फेनेऑं आहे, मोठ्या हॅटवाली नर्तकी जान आव्रिल आहे, बुटका लोत्रेक स्वतः आहे, आणि धिप्पाड लेखक ऑस्कर वाइल्ड आहे.

वाइल्डला तर लंडनमध्ये 5 एप्रिलला, तिच्या पत्राच्या आदल्याच दिवशी, अटक झाली होती. मेच्या शेवटी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी लागली. त्रोनच्या जत्रेत तिच्या मांडवापुढे तो उभा राहणं शक्यच नव्हतं. लोत्रेकने तिला चाहते रंगवून दिले होते. मित्राची ही भेट मला फार हृद्य वाटते, आणि तितकीच विदारकही. कारण खरे चाहते आलेच नाहीत.

चित्रांची चर्चा झाली, पण खेळ चालला नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मुलँ रूज होतं मोंमार्त्रच्या पायथ्याशी; तिथे येणारा शौकीन बग्गीतून उतरून, शँपेन मागवून, ओळखीच्यांना दिसावं म्हणून बसायचा. त्रोनची जत्रा शहराच्या पूर्व टोकाला, कामगार वस्तीच्या अंगाला. तिथला माणूस चार सू देऊन शेजारच्या मांडवातला पैलवान बघेल, नेमबाजी करेल, नाहीतर हिचा नाच बघेल. शौकिनाला त्या चिखलात यायचं नव्हतं, आणि जत्रेतल्या माणसाला तिच्या नावाचं अप्रूप नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात तिला मुलगा झाला. बाप कोण, हे तिने जगाला सांगितलं नाही.

चाहते गेले म्हणजे नेमकं कुठे गेले? काही जण अर्थातच पुढच्या नर्तकीकडे. पण कितीतरी जण जगातूनच गेले. वाइल्ड तुरुंगातून सुटून पॅरिसमध्ये 1900 साली निष्कांचन मेला. लोत्रेक सप्टेंबर 1901 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दारूने पोखरून गेला. वालाँतँ 1907 मध्ये गेला. तिचा नाच भर बहरात पाहिलेले, मध्यरात्री त्याबद्दल वाद घालू शकणारे लोकच भराभर कमी झाले. रूप ओसरल्याचं दुःख सगळे समजतात. पण आपण काय होतो याचे साक्षीदारच संपणं ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्या बाबतीत ते फार लवकर घडलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसला 1891 ही इतिहासाची गोष्ट होती.

जत्रेतला नाच बंद पडल्यावर तिने काय केलं? ती सिंहांच्या पिंजऱ्यात शिरली. फिरत्या प्राणिसंग्रहालयात ती जनावरांचे खेळ करू लागली, आणि ते काही एका हंगामाचं नाटक नव्हतं. 1900 साली तिने जोझेफ द्रोक्सलेर नावाच्या जादूगाराशी लग्न केलं, तोही तिच्याबरोबर जनावरांच्या खेळात उतरला. पुढे दोघांची फारकत झाली. ज्या बाईला तिच्या चरित्रकारांनी आळशी, चैनी, पैसा उधळणारी म्हणून रंगवलं, ती तिशीनंतर एक संपूर्ण नवी आणि जिवावरची विद्या शिकून गावोगाव त्यावर पोट भरत होती. ‘ऱ्हास’ हा शब्द इथे मला मुळीच पटत नाही.

त्यानंतरचं मात्र सोपं नव्हतं, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. 1923 मध्ये मुलगा गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. दारू वाढली. पॅरिसच्या तटबंदीबाहेर, पक्क्या बांधकामाला बंदी असलेला एक पट्टा होता. भंगार आणि चिंध्या वेचणारे लोक तिथे झोपड्या नि गाड्या टाकून राहत. सँतुआँच्या बाजूला, अशाच एका चाकांच्या गाडीत ती राहू लागली. सोबतीला म्हातारी, टाकलेली जनावरं. रात्री ती मोंमार्त्रला येऊन शेंगदाणे, सिगारेटी, फुलं विकायची, मुलँ रूजच्या आसपास.

हे चित्र पत्रकारांना फार आवडलं: स्वतःच्याच नावाने चमकलेल्या दाराबाहेर शेंगदाणे विकणारी म्हातारी. पण ते दार तिचं नव्हतं. जुनं मुलँ रूज फेब्रुवारी 1915 मध्ये आगीत जळालं होतं. 1921 मध्ये उघडलं ते नवं, गायिका-नर्तकी मिस्तँगेतच्या पिसाऱ्यांचं आणि मोठमोठ्या रेव्ह्यूंचं. ती तिथे माल विकायला यायची कारण तिथे रात्री गिऱ्हाईक असायचं. कुठलाही फेरीवाला तेच करेल. तिची ओळख पटलेले काही जण बोलायला थांबत, ग्लास भरून देत. त्यात तिला किती सुख होतं आणि किती सल, हे बाहेरून ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. जॉर्ज लाकोंबने भंगार वेचणाऱ्यांवर 1928 मध्ये ‘ला झोन’ नावाचा मूकपट काढला. त्यात ती काही क्षण दिसते, अंगाने सुटलेली, चेहरा रापलेला. कॅमेऱ्यासमोर ती बिचकत नाही.

तिच्या बरोबरीच्यांचं काय झालं तेही पाहायला हवं. नीनी नावाच्या नर्तकीने वेळीच नाचाची शाळा काढली आणि तिचं बरं चाललं. जान आव्रिल लग्न करून संसाराला लागली, विधवा झाली, आठवणी लिहिल्या आणि 1943 मध्ये वृद्धाश्रमात वारली. शांत, शहाण्या आव्रिलचाही शेवट गरिबीतच झाला, हे लक्षात घेतलं की ला गुलूच्या दारूवर आणि उधळेपणावर सगळा दोष टाकणं जमत नाही. नाचणारीच्या अंगातली ताकद दहा-पंधरा वर्षांची. तेवढ्यात साठेल ते साठेल. म्हातारपणाची तरतूद ना मालकाकडे होती, ना सरकारकडे. मांडव टाकणं आणि सिंह खेळवणं या तिने स्वतःच शोधलेल्या तरतुदी होत्या.

त्या दोन पडद्यांचीही मधल्या काळात परवड झाली. ते तिच्या हातून गेले, या मालकाकडून त्या मालकाकडे फिरले. 1926 मध्ये एका चित्रविक्रेत्याने सरळ कात्री चालवून त्यांचे तुकडे केले. एकेक तुकडा स्वतंत्र लोत्रेक म्हणून विकला गेला की पैसे जास्त. ओरड झाली. अखेर 1929 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी तुकडे ताब्यात घेतले आणि जोडून पुन्हा पडदे केले. आज ते ऑर्से संग्रहालयात आहेत, जवळ गेलं की सांधे दिसतात. 1929 च्याच जानेवारी अखेरीस लुईझ वेबर पॅरिसच्या लारिब्वाझिएर या सार्वजनिक रुग्णालयात वारली. पडदे जोडायला पैसे निघाले त्या वर्षी तिला मात्र पाँतँच्या दूरच्या कबरस्तानात पुरलं गेलं.

1992 मध्ये, झाक शिराक पॅरिसचे महापौर असताना, तिच्या अस्थी मोंमार्त्रच्या कबरस्तानात आणल्या गेल्या. दगडावर तिचं नाव, टोपणनाव, सालं आणि ‘फ्रेंच कँकॅनची जननी’ असं कोरलं आहे. कँकॅन पॅरिसमध्ये 1830 च्या दशकापासून नाचला जात होता. तिच्या जन्माआधी तीस वर्षं. तिने तो जन्माला घातला नाही, आणि हे श्रेय तिने मागितलंही नसतं. तिने स्वतःच्या हिमतीवर जे केलं, ते म्हणजे जत्रेतला मांडव, गावोगावचे सिंहांचे पिंजरे, वाढवलेला मुलगा. यातलं त्या दगडावर काही नाही. माझ्या हाती असतं तर मी कँकॅनच्या जागी ‘नर्तकी आणि सिंह खेळवणारी’ असं कोरून घेतलं असतं.