उत्तरबस्ती : तेलाइतकेच शिस्तीचे महत्त्व

बीजवाहिनीचा अवरोध हे स्त्रीवंध्यत्वाचे एक प्रमुख कारण. संहितांमध्ये या व्याधीचे स्वतंत्र वर्णन नाही. जामनगर येथे १९५६ पासून आयुर्वेदाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. तेथील गुजरात आयुर्वेद विद्यापीठाच्या स्त्रीरोग व प्रसूतितंत्र विभागाने हा अवरोध आर्तववह स्रोतसाचा 'संग' मानला व त्यावर यवक्षार तेलाचा गर्भाशयगत उत्तरबस्ती योजला. क्षाराने लेखन व तेलाने वातशमन, अशी ही मांडणी आहे. २०२० पासून हे अध्यापन व संशोधन राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेच्या दर्जाखाली चालते.

'आयु' या त्रैमासिकात २०१० साली या विभागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ रुग्णा होत्या. रजःस्रावानंतर प्रतिवेळी ५ मि.लि. तेल, लागोपाठ दोन ऋतुचक्रांत, दिले गेले. ६८.७५ टक्के रुग्णांत, म्हणजे ११ जणींत, मार्ग मोकळा झाल्याची नोंद आहे.

हा आकडा आशादायक आहे. परंतु १६ रुग्णांवरून सिद्धांत ठरत नाही. नलिकेचा क्षणिक संकोचही क्ष-किरण तपासणीत अवरोधासारखा दिसतो, याचे भान ठेवावे. आम्हांस या अभ्यासात अधिक मोलाची वाटते ती त्यातील शिस्त. व्हीडीआरएल, एचआयव्ही व एचबीएसएजी चाचण्या सकारात्मक असलेल्या रुग्णा त्यातून वगळल्या होत्या.

ही शिस्त सोडून केवळ योग उचलला, तर उपचारच अवरोधाचे कारण होईल. निर्जंतुकतेविना गर्भाशयात नेलेले तेल श्रोणिशोथ उत्पन्न करू शकते, आणि शोथ हाच नलिका बंद होण्याचा सर्वपरिचित हेतू आहे. म्हणून गर्भधारणेची शक्यता, योनिस्राव व श्रोणिशोथ यांची तपासणी आधी व्हावी. प्रशिक्षण व शस्त्रकर्मगृह नसेल, तर रुग्णेस योग्य ठिकाणी पाठवावे. उपचारानंतर पाळी चुकल्यास गर्भ नलिकेत नाही, याची सोनोग्राफीने लवकर खात्री करावी.

औषधनिर्मात्या बंधूंनाही एक विनंती. अभ्यंगाच्या तेलाची बाटली उत्तरबस्तीसाठी देऊ नये. वाफेचा ऑटोक्लेव्ह तेलाच्या अंतर्भागी परिणाम करीत नाही. तेलास शुष्क उष्णतेची प्रक्रिया लागते. ते एकदाच वापरावयाच्या लहान कुपीत, निर्मितीच्या तारखेसह मिळावे.

स्नेहसिद्धीची लक्षणे आपण जितक्या काटेकोरपणे पाहतो, तितक्याच काटेकोरपणे निर्जंतुकताही पाहावी. संतानाच्या आशेने आलेली स्त्री आपल्यावर विसंबून असते.