कच्छचे डेरे, वऱ्हाडचे शिवार

हिवाळ्यात कच्छचे पांढरे रण पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. त्याच महिन्यांत कच्छच्या रबारी मेंढपाळांचे कित्येक डेरे, म्हणजे कुटुंबांचे फिरते गट, वऱ्हाडात असतात. पुढे मेंढ्यांचा कळप, मागे उंट आणि उंटांच्या पाठीवर खाटा, भांडी, नुकती जन्मलेली कोकरे, कधी लहान मुलेही. हा प्रवास पाहणाऱ्याला दिशाहीन वाटतो, पण त्याचा मार्ग पाऊस आणि पिके ठरवतात, आणि त्याची गरज मेंढपाळाइतकीच आपल्या शेतीलाही आहे.

कच्छात वर्षाला सरासरी चारशे-साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. वऱ्हाडात त्याच्या दीडपट-दुप्पट पडतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, पुढे तूर कापली जाते, कपाशीची उलंगवाडी होते आणि शिवारात पाला, शेंगा, कुटार उरते. इथल्या मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथे विहिरीचे पाणी खारे, म्हणून ओलिताची सोय तोकडी आणि खरिपानंतर पुष्कळ रान मोकळे. माणसाला निरुपयोगी झालेले हे रान मेंढीला चार महिने पुरते. बदल्यात रात्री शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्या आणि मूत्र थेट मातीत जाते. वाहतूक नाही, पसरण्याची मजुरी नाही. घरोघरची गुरे कमी झाल्याने शेणखत मिळेनासे झाले आहे. सेंद्रिय अंश घटलेल्या काळ्या जमिनीला हे खत मोलाचे आहे.

मेंढ्या उभा हरभरा खातात, ही तक्रार खोटी नाही. ज्याचे पीक गेले त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण डेरा येण्याआधी वाट, मुक्काम आणि दिवस ठरले तर असे प्रसंग कमी होतील. गावोगावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ, जमिनी अतिक्रमणात गेल्या, मग कळप बांधाशी येणारच. चराईने जंगलाचे नुकसान होते, हा आक्षेपही विचारात घ्यावा लागेल. कोवळ्या रोपवनात चराई नकोच. मात्र 2006च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा सरसकट बंदी हा मार्ग असू शकत नाही.

या मेंढपाळांची पोलिसांना ओळख नसली की काय होते, ते जानेवारी 2022मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला दिसले. कत्तलीसाठी नेत असल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी रबारींचे 58 उंट ताब्यात घेतले. ते परत मिळवायला मेंढपाळांना न्यायालयात जावे लागले. 2019च्या पशुगणनेत देशातले उंट सात वर्षांत सदतीस टक्क्यांनी घटून अडीच लाखांवर आल्याचे दिसले होते. अशा काळात उंट पाळणाऱ्यावरच संशय घेणे मला अन्यायाचे वाटते. ग्रामपंचायतीने दसऱ्याच्या सुमारास डेऱ्यांच्या मुखींना, म्हणजे प्रमुखांना, बोलावून वाट, पाणवठा आणि भरपाईची रीत ठरावात लिहून घेतली, तर पोलीस ठाण्यात दाखवायला त्यांच्या हाती निदान एक कागद असेल.