नियत कोण तपासणार?

रमजानच्या महिन्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटा फोटो हमखास दिसतो. डोक्यावर टोपी किंवा ओढणी, गळ्यात हार, चेहऱ्यावर थकवाही आणि अभिमानही. खाली ओळ असते की सहा-सात वर्षांच्या अमुक मुलाने किंवा मुलीने आयुष्यातला पहिला रोजा पूर्ण केला. खरे तर वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्ज नाही. तरी मूल हट्ट धरते, आई पहाटे सहेरीला उठवते आणि दुपारी तीननंतर आजी चार वेळा विचारते, ‘थोडं पाणी पितोस का रे बाळा? अल्लाह रागावणार नाही.’ मूल मान हलवून नाही म्हणते.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. मोरीत जाऊन त्या मुलाने दोन घोट पाणी घेतले, तर कोणाला पत्ता लागणार नाही. नमाज दिसते, जकात मोजता येते, हजला गेलेला माणूस गावभर कळतो. रोजा मात्र ठेवणारा आणि अल्लाह यांच्यातच राहतो. नियत नसेल तर ते नुसते उपाशी राहणे, आणि नियत तपासायचे साधन कोणाकडेच नाही.

जगातल्या एका मोठ्या बालसंघटनेत मात्र मुलांच्या श्रद्धेचा प्रश्न दारातच विचारला जातो. तिचे नाव ऐकून अनेकांना नवल वाटेल, कारण ती आपल्या शाळाशाळांत आहे. गळ्यात स्कार्फ, तीन बोटांची सलामी, रोज एक सत्कृत्य. स्काऊट! बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून स्काऊटच्या वचनात पहिले कर्तव्य ईश्वराप्रती आहे. मराठी शाळेतली मुले ते वचन घेतात, उर्दू शाळेतलीही घेतात आणि सहसा कोणाला त्यात खटकत नाही. खटकले ते अमेरिकेत, आणि तिथे प्रकरण कोर्टात गेले.

अमेरिकेची ‘बॉय स्काऊट्स’ ही संस्था १९१० सालची. तिथे वचनाखेरीज एक धार्मिक घोषणापत्रही आहे. ईश्वराप्रती आपले कर्तव्य मानल्याशिवाय कोणीही उत्तम नागरिक होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. १९८९ मध्ये इलिनॉय राज्यातला पहिलीतला एक मुलगा शाळेत मिळालेले पत्रक घेऊन घरी आला. कोणताही मुलगा सभासद होऊ शकतो, असे पत्रकावर होते. वडील अज्ञेयवादी. ईश्वर आहे की नाही हे सांगता येत नाही, असे मानणारे. त्यांनी घोषणापत्रावर सही केली नाही आणि मुलाला प्रवेश मिळाला नाही. १९९३ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल संस्थेच्या बाजूने दिला. कॅलिफोर्नियात दोन जुळ्या भावांनी वचनातला ‘ईश्वर’ शब्द उच्चारायला नकार दिला होता. ते खालच्या कोर्टात जिंकले, पण १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

मनाला जास्त लागते ती २००२ सालची हकिकत. वॉशिंग्टन राज्यातला एकोणीस वर्षांचा तरुण. लहानपणापासून स्काऊट, ‘ईगल’ हा सर्वोच्च दर्जा मिळवलेला. आपण ईश्वर मानत नाही, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. विचार करायला त्याला आठवडाभराची मुदत मिळाली. कोणत्याही रूपातली एखादी परमशक्ती मानतो, एवढे म्हटले असते तरी भागले असते. तो म्हणाला नाही. त्याला काढून टाकण्यात आले. स्काऊटच्या नियमांत पहिला नियम विश्वासपात्रतेचा असतो. खोटे बोलला असता तर आत राहिला असता, खरे बोलला म्हणून बाहेर गेला.

यात मुसलमानाने का पडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, कारण अमेरिकेतल्या मुसलमान मुलांना या अटीचा त्रास झालेला नाही. तिथे स्काऊटसाठी इस्लामी समिती आहे आणि मुसलमान स्काऊटला वेगळे धार्मिक पदक मिळते. हिंदू, ज्यू, बौद्ध मुलांनाही आपापली पदके आहेत. अट फक्त ‘कोणता तरी ईश्वर’ एवढीच. म्हणजे आपण आत, दार बंद झाले ते दुसऱ्यासाठी.

पण ज्या सूरह बकरामध्ये रोजाचा हुकूम आहे, त्याच सूरहमध्ये दीनच्या बाबतीत बळजबरीला मनाई आहे. शिवाय मदरशात शिकलेल्या कोणालाही विचारा, उघड इनकार करणाऱ्यापेक्षा ओठांवर ईमान आणि पोटात नकार ठेवणाऱ्या मुनाफिकाची जागा खालची सांगितली आहे. प्रवेशासाठी, पदकासाठी, सहलीसाठी आठ वर्षांच्या मुलाकडून ईश्वराचे नाव वदवून घेतले, तर त्याला आपण काय शिकवतो? ज्या वयात शरीयत मुलावर रोजाची सक्ती करत नाही, त्या वयात एखादी संस्था त्याच्याकडून श्रद्धेचे प्रमाणपत्र मागते, हेही जरा विचित्रच. आणि आज ‘ईश्वर’ हा शब्द सैल ठेवलेला आहे म्हणून आपली मुले आत बसली. उद्या कोणी त्याची व्याख्या करायला बसले तर?

दुसरी बाजूही आहे, आणि ती कच्ची नाही. खासगी संस्थेने आपले सभासद आपल्या तत्त्वांप्रमाणे निवडू नयेत का? मशिदीच्या मक्तबमध्ये किंवा चर्चच्या रविवारच्या वर्गात श्रद्धेचा आग्रह असणारच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, समलिंगी स्काऊट प्रमुखाच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी संस्थेचा हा हक्क मान्य केला. हक्क आहे, हे मान्य. पण खर्च कोणाचा?

इथे जकातीचा हिशेब आठवतो. मशिदीच्या रंगरंगोटीला जकातीचे पैसे लावत नाहीत, हे बिगर-मुस्लिम वाचकांना कदाचित माहीत नसेल. जकात कोणाला द्यायची याचे आठ प्रकार कुरआनात ठरलेले आहेत. म्हणून खजिनदार जकात वेगळी ठेवतात आणि मशिदीची देणगी वेगळी. काम कितीही पुण्याचे असो, पैसा कुठून आला यावर तो कुठे जाणार हे ठरते.

अमेरिकी स्काऊट संस्थेला १९१६ मध्ये तिथल्या संसदेने सनद दिली. राष्ट्राध्यक्ष तिचे मानद अध्यक्ष असतात. सॅन डिएगो शहराने १९५७ मध्ये बाल्बोआ पार्कातली सार्वजनिक जागा वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली. सरकारी शाळा स्काऊट पथके चालवत. १९८१ पासून २०१० पर्यंत राष्ट्रीय जांबोरी व्हर्जिनियातल्या लष्करी तळावर भरत असे आणि त्यासाठी लष्कर लाखो डॉलर खर्च करी. हा कर नास्तिकाच्या खिशातूनही गेलेला. न्यायालयांनी याचे सरळ उत्तर दिले नाही. जांबोरीचा सरकारी खर्च २००५ मध्ये खालच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, पण २००७ मध्ये वरच्या न्यायालयाने, तक्रारदार करदात्यांना हा दावा लावण्याचा अधिकारच नाही, असे म्हणून तो निकाल फिरवला. बाल्बोआ पार्कचा खटला बारा वर्षे चालून २०१२ मध्ये स्काऊटच्या बाजूने संपला. सरकारी शाळांतली पथके मात्र संस्थेने २००५ मध्ये आपणहून शाळांच्या नावावरून काढायला घेतली, कारण तिथे खटला टिकला नसता.

ब्रिटनने तोवर वेगळी वाट धरली. तिथे हिंदू आणि बौद्ध मुलांना ‘धर्म’ आणि मुसलमान मुलांना ‘अल्लाह’ म्हणण्याची मुभा आधीपासून होती. २०१३ मध्ये गाईड मुलींच्या संस्थेने वचनातून ईश्वराचा उल्लेख काढून स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा आणि आपल्या धारणा विकसित करण्याचा शब्द घातला. स्काऊट संस्थेने जुने वचन तसेच ठेवले आणि १ जानेवारी २०१४ पासून, ज्यांची ईश्वरावर श्रद्धा नाही त्यांच्यासाठी दुसरे वचन शेजारी ठेवले. ही दुसरी तडजोड जास्त शहाणपणाची वाटते. श्रद्धाळू मुलाच्या तोंडचा शब्द गेला नाही आणि दुसऱ्या मुलाच्या तोंडी जबरदस्तीने घातलाही गेला नाही.

आपल्या देशात या संघटनेच्या दारावरची पहिली पाटी धर्माची नव्हतीच. १९०९ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेले पथक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि मदनमोहन मालवीय यांनी अलाहाबादला भारतीय मुलांची वेगळी पथके उभी केली. १९५० मध्ये या संस्था एकत्र आल्या आणि ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ झाली. केंद्र सरकार तिला अनुदान देते. तिच्या वचनात ‘ईश्वर’ आहे, पण खाली एक तळटीप आहे: इच्छा असल्यास ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणता येईल. अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलेल्या वादातून आपल्याकडे एका ओळीने वाट काढून ठेवली आहे. ईश्वरकर्त्याची कल्पना न मानणाऱ्या बौद्ध किंवा जैन घरातल्या मुलाला त्या ओळीचा आधार आहे.

राज्यघटनेचा आधार तर आहेच. अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की त्यांच्यावर तशी सक्ती करता येणार नाही. पण कोर्टात जायला मोठा माणूस लागतो. दहा वर्षांचे मूल सगळ्यांबरोबर तीन बोटे वर करते आणि सर सांगतील ते म्हणते. मनात काय आहे हे त्याला कोणी विचारत नाही आणि ते स्वतःहून सांगत नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील, कब-बुलबुल आणि स्काऊट-गाईडची नवी नोंदणी होईल. वचन शिकवताना ती तळटीप वाचून दाखवायला सरांना दोन मिनिटे लागतात.