विजेआधीचा उन्हाळी बंगला

उन्हाळी बंगला म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आठवतं. पण असा एक बंगला आपल्या दुबईतही आहे, जुमैरात, समुद्रापासून जवळच. नाव 'मजलिस गोरफत उम्म अल शैफ'. शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी तो १९५५ साली उन्हाळ्यासाठी बांधला. दुबईची वीज कंपनी निघाली १९५९ साली! म्हणजे हे घर गार ठेवायचं काम सर्वस्वी बांधणीचं.

गेल्या ऑगस्टात एका रात्री आमचा एसी बंद पडला. घामाघूम झालेल्या धाकट्याने विचारलं, "बाबा, पूर्वी लोक इथे झोपायचे कसे?" थंडी पडल्यावर उत्तर दाखवायला आम्ही त्याला इथे आणलं.

खाली उघडा व्हरांडा, वर बैठकीची खोली, त्यावर गच्ची. गच्चीवर खजूर वाळवत, रात्री तिथेच झोपत. तेव्हा तिथून समुद्र दिसे. आता शेजारची छपरं दिसतात.

भिंती पोवळ्याच्या दगडाच्या. या दगडात बारीक छिद्रं असतात. त्यांत हवा अडकते, त्यामुळे बाहेरची उष्णता सावकाश आत येते. गिलावा जिप्समचा. हाड मोडल्यावर डॉक्टर घालतात ते प्लास्टरही जिप्समचंच: भाजलं की पाणी सोडतं, पाणी घातलं की घट्ट होतं. पण ते पाण्यात थोडं विरघळतं. त्यामुळे कमी पावसाच्या या मुलखात ते टिकतं. आपल्या कोकणात चार पावसाळेही काढणार नाही. तिथे हवेत चिरा, चुना आणि उतरतं कौलारू छप्पर. ज्या हवेत राहायचं, त्या हवेचंच घर हवं.

हे धाकट्याला समजावताना आम्हीच गप्प झालो. गावाहून दादाचा फोन आला होता: "कौलं उतरवून स्लॅब टाकू या, तुमची सही पाठवा." त्याची अडचण खरी आहे. दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, आणि आम्ही इथून नुसतं "घर तसंच ठेवा" म्हणतो. घरी येऊन दादाला पत्र लिहिलं: सही पाठवत नाही, मे महिन्यात आम्ही स्वतः येतो. कौलांचा खर्च आमचा, शिडीवर चढणारा एक गडीही आमचाच.

सभासदांनी मुलांना घेऊन हा बंगला एकदा जरूर पाहावा. निघण्यापूर्वी तो उघडा असल्याची खात्री करून घ्यावी.