गाळाला पत्ता हवा

सकाळी 6.00
कोल्हापुरात मे महिन्यातली नालेसफाई उन्हाच्या आधी सुरू झाली तरच दिवसाचं गणित बसतं. जयंती नाल्याच्या काठावर पोकलेन रात्रीच उभा करून ठेवलाय. ऑपरेटर ग्रीस मारतोय, हेल्पर गमबूट चढवताहेत. मी सुपरवायझर. मशीन कुठं उतरेल, गाळ कुठं पडेल, डंपर कुठून वळेल, हे बघणं माझं काम. वळिवाचा एक जोराचा पाऊस झाला की नाल्याला पाणी येतं आणि सगळं थांबतं, त्यामुळे घाई सगळ्यांनाच.

7.00
पहिल्या बकेटमध्ये पिशव्या, बाटल्या, चिंध्या. त्याखाली खरा गाळ : काळाकुट्ट, वर तेलाची झाक. सांडपाण्यातली घाण हवेशिवाय कुजते तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो लोहाशी मिळून गाळ काळा करतो आणि सडक्या अंड्यांचा वासही त्याचाच. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचून राहतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नाही, नाक बधिर झालेलं असतं. म्हणून पोरांना खड्ड्यात उतरू द्यायचं नाही, मग ती कितीही म्हणोत "काय होत न्हाई".

9.30
ओला गाळ लगेच डंपरात भरला तर डिझेल जाळून पाणीच वाहायचं, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. काठावर ताडपत्री अंथरून, भोवती मातीचा बांध घालून ढीग निथळायला ठेवतो. निथळलेलं काळं पाणी परत नाल्यात जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या 76 दशलक्ष लिटरच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. तळाला बसलेल्या गाळासाठी मात्र असं केंद्र नाही.

11.00
ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी येतो.
"साहेब, दोन ट्राल्या सोडा की. रानाला कस येईल."
"ह्यो न्हाई देता येत, मामा."
"कळंब्याचा नेला तवा कुणी आडवलं न्हाई!"

त्याचं चुकत नाही. तलावाचा गाळ शेतात नेण्यासाठी 2017 पासून सरकारचीच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. कळंबा तलावात कात्यायनीच्या बाजूच्या डोंगरउताराची माती येते. ती रानात गेली म्हणजे माती मातीत गेली. या नाल्यात वरून येतं ते शहराचं : गॅरेजचं तेल, वर्कशॉपचं धुवण, संडासाचं पाणी. चिकणमाती ज्या गुणामुळे खत धरून ठेवते, त्याच गुणामुळे शिसं, जस्त, क्रोमियमही धरून ठेवते. आणि काळा गाळ रानात पसरून त्याला हवा लागली की सल्फाइडचं आम्ल होतं, धरलेले धातू सुटायला लागतात. मामांना एवढंच सांगतो, "तपासणी होऊ दे, मग बघू." ते चहा पिऊन, हसून जातात.

दुपारी 1.00
डबा खायच्या आधी नमुने. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून, वरचा थर सोडून, थोडा थोडा गाळ घ्यायचा, एकत्र कालवायचा, पिशवीवर तारीख-जागा लिहायची. प्रयोगशाळेत एकूण धातू मोजतात. शिवाय गाळाच्या वीसपट आम्लयुक्त द्रावणात तो सुमारे 18 तास घुसळून किती धातू सुटतात तेही बघतात. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण विहिरीत उतरतं ते सुटलेलंच. घातक ठरलेला गाळ साध्या डेपोत टाकता येत नाही, तो रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावा लागतो.

3.30
आधीच्या ढिगातला वाळलेला गाळ गवंड्याच्या जाळीवर चाळतो. रेती-खडा वेगळा पडतो, मऊ माती वेगळी. विष बहुतेक मऊ मातीलाच चिकटलेलं असतं. धुतलेली रेती तपासून पाइपलाइनच्या चरात भरता येते. हॅम्बुर्ग बंदरात 1993 पासून 'मेथा' नावाचा कारखाना याच तत्त्वावर चालतो : वाळू बांधकामाकडे, दूषित चिखल पाणी पिळून वेगळा. उरलेल्या मातीत सिमेंट कालवलं की बरेच धातू जागीच अडकतात. मग ती भरावाला चालू शकते, पण पुन्हा तपासणी करूनच.

5.30
निथळलेला ढीग डंपरात चढतो. ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी हलू देत नाही. ड्रायव्हर कुरकुरतो, बांधतो.

7.00
छापील नोंदवहीत रकाने तीन : तारीख, फेऱ्या, घनमीटर. या आकड्यांवर बिल निघतं, त्यामुळे उपसा वाढवायला सगळे तयार असतात. मी पट्टी धरून चौथा रकाना आखलाय : कुठं गेला. उद्याच्या कामाच्या ओळीत तोच आधी भरतो. जिथं तो भरता येत नाही, तिथं मशीन उतरवत नाही. वरिष्ठ विचारतात, पाऊस तोंडावर आलाय, हे कशाला? त्यांना सांगतो, नाल्यात होता तोवर गाळ एका जागी होता. न ठरवता उपसला तर तो दहा रानांत जाईल, आणि तिथून परत गोळा करायला कुठलाच पोकलेन चालणार नाही.