गणना कोणाची, माहिती कोणाची? : लोकस्वामित्वाची माहिती आणि सामाजिक न्याय

प्रस्तावना :
ज्यांची नोंद होते, त्यांच्यासाठीच सहसा योजना आखली जाते. ज्यांची नोंद नाही, त्यांना आपला हक्क सिद्ध करणेही कठीण जाते. म्हणून माहिती कोणी गोळा केली व ती कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न सामाजिक न्यायाशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात मुंबईतील पदपथवासीयांच्या गणनेच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

पदपथवासीयांची गणना :
१९७६ साली शासनाने मुंबईतील झोपडपट्ट्यांची गणना करून ओळखपत्रे दिली. पदपथावरील बहुसंख्य कुटुंबे तिच्याबाहेर राहिली. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. पदपथवासीयांपैकी १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांनाच पर्यायी जागा देण्याचे निर्देश दिले. अर्थात, नोंद हीच न्यायाची पहिली पायरी ठरली.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने पदपथवासीयांच्या सहभागाने भायखळा परिसरात सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. ‘वुई, द इनव्हिजिबल’ या अहवालातून स्पष्ट झाले की, ही माणसे निरुद्योगी नसून कष्टकरी आहेत आणि कामावर पायी जाता यावे म्हणून पदपथावर राहतात. १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ स्थापन झाले. जोकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघासह या स्त्रियांनी गणनेची पद्धती विकसित केली. झोपड्यांना क्रमांक देणे, नकाशा काढणे, यादी वस्तीतच पडताळून चुका दुरुस्त करणे हे तिचे टप्पे होत. पुढे रेल्वेमार्गालगतच्या कुटुंबांच्या पुनर्वसनात ही पद्धती उपयोगी पडली.

मर्यादा :
तथापि, पुनर्वसनासाठी केलेली यादी निष्कासनासाठीही वापरली जाऊ शकते. वस्तीतील भाडेकरू वा एकट्या स्त्रिया तिच्यातून वगळल्या जाण्याचा धोकाही असतो. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या हक्काभोवती रचलेला आहे. समूहाच्या स्वामित्वाची तरतूद त्यात नाही.

समारोप :
आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावोगावी सर्वेक्षणे होतात. त्यांचे तक्ते बहुधा अहवालात जातात, गावात परत येत नाहीत. ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत, ग्रामस्थांकडून दुरुस्त करून घ्यावेत आणि त्यांची प्रत गावाकडेच ठेवावी. माहिती देणाऱ्यालाच तिचा उपयोग करता आला, तरच ते सर्वेक्षण न्यायाचे साधन ठरेल.