कोंबडीचं खाद्य आणि विसरलेले सुझुकी

‘पोल्ट्रीच्या खाद्यात हल्ली एन्झाइम घालतात म्हणे. इंजेक्शनचाच हा नवा अवतार नव्हे ना?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. ब्रॉयलर इंजेक्शन देऊन वाढवतात वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही फिरत असतं ते पाहता शंका येणं साहजिक आहे, पण उत्तर ‘नाही’ असंच आहे. एन्झाइम हे प्रथिन. पोटात आपलं काम उरकलं की इतर प्रथिनांसारखं तेही पचून जातं. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो मुख्यतः वाणामुळे. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1957चा वाण त्या काळच्या खाद्यावर आणि 2001चा वाण नव्या खाद्यावर वाढवून पाहिला. 42व्या दिवशी पहिल्याचं सरासरी वजन 539 ग्रॅम, दुसऱ्याचं 2672 ग्रॅम! खाद्यांची अदलाबदलही करून पाहिली, तेव्हा या वाढीचं 85 ते 90 टक्के श्रेय पैदाशीकडे गेलं.

मग एन्झाइम हवंच कशाला? फॉस्फरससाठी. मका आणि सोया पेंड यांत तो भरपूर असतो, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश फायटेटच्या रूपात अडकलेला. जुडग्याच्या कडीत सहा किल्ल्या ओवाव्यात तसे एका कार्बनी कडीला सहा फॉस्फेट जडलेले असतात. बियाण्याने रोपासाठी केलेली ही साठवण. मोड फुटताना बी स्वतःच फायटेज नावाचं एन्झाइम वापरून एकेक किल्ली सोडवून घेतं. (मोड आलेली मटकी पोषणाला सरस ठरते, त्याचं एक कारण हेही.) कोंबडीकडे हे एन्झाइम पुरेसं नाही, आणि तिच्या पोटातून खाद्य काही तासांतच पुढे सरकतं. त्यामुळे हाडांसाठी वेगळा फॉस्फरस, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांचं डीसीपी, मिसळावा लागतो आणि खाद्यातला मूळ फॉस्फरस विष्ठेतून निघून जातो. जाताना फायटेट कॅल्शियम आणि जस्तालाही धरून नेतं. बाहेरून फायटेज दिलं की ही नासाडी बरीच कमी होते.

फायटेजचा माग मात्र पोल्ट्रीकडे जात नाही, तो जातो भाताच्या कोंड्याकडे. 1907 साली टोकियोच्या उमेतारो सुझुकी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंड्यात हे एन्झाइम दाखवून दिलं. सुझुकींवर मला थोडं जास्तच लिहावंसं वाटतं, कारण त्याच कोंड्याने त्यांना 1910मध्ये आणखी एक गोष्ट दिली: बेरीबेरी बरा करणारं द्रव्य, आजचं ब-1 जीवनसत्त्व. त्याआधी जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या बेरीबेरीच्या रुग्णांसारख्याच लुळ्या पडल्या होत्या. लष्करी रुग्णालयात उरलेला पांढरा भात त्यांना घातला जाई. पुढे नवा आचारी आला. मुलकी कोंबड्यांना लष्करी भात मिळणार नाही, असं त्याने बजावलं, त्या पुन्हा साध्या, कमी पॉलिश केलेल्या तांदळावर आल्या आणि खडखडीत बऱ्या झाल्या! त्या आचाऱ्याचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. आइकमान यांना 1929 साली हॉपकिन्स यांच्यासोबत नोबेल मिळालं. सुझुकींचा निबंध जपानीत होता, आणि हे एक नवंच पोषकद्रव्य आहे हा मुद्दा जर्मन सारांशातून गळाला. 1912मध्ये फुंक यांनी ‘व्हिटामिन’ हे नाव रूढ केलं आणि सुझुकी मागे पडले ते पडलेच. कोंबड्यांच्या आहारशास्त्राने ज्यांचे दुहेरी ऋण मानावे अशी दुसरी व्यक्ती मला तरी आठवत नाही.

फायटेज कोंबडीच्या ताटात यायला मात्र बराच काळ गेला. 1960च्या दशकाअखेरीस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत बुरशीपासून मिळवलेलं फायटेज पिल्लांना देऊन उपयोग सिद्ध केला, पण तेव्हा फॉस्फेट स्वस्त आणि एन्झाइम महाग. गाडी हलली ती नेदरलँड्समध्ये. डुकरं आणि कोंबड्या यांच्या खतातला फॉस्फरस तिथल्या पाण्यात उतरू लागला, सरकारने नियम आवळले, आणि 1991मध्ये अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीचं फायटेज बाजारात आलं. म्हणजे बदल घडवला तो विष्ठेच्या खताने! आपल्याला वेगळी निकड आहे. डीसीपी ज्यापासून बनतं तो रॉक फॉस्फेट भारताला बहुतांशी आयात करावा लागतो.

आता थोडं पुड्यांवरच्या जाहिरातींविषयी. ‘आठ एन्झाइमांचं मिश्रण’ वाचून हरखून जाऊ नये. झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज गहू-बार्लीच्या खाद्यावर उत्तम चालतात. या धान्यांमुळे आतड्यातला लगदा चिकट होतो, विष्ठा पातळ होऊन शेडमधलं तूस ओलं राहतं आणि ही दोन एन्झाइमं तो चिकटपणा मोडतात. मका-सोयावर तो त्रास मुळात कमी, म्हणून फायदाही कमी. शिवाय पेलेट बनवताना वाफेने तापमान 80-90 अंशांवर जातं आणि अनेक एन्झाइमं तिथेच निकामी होतात. म्हणून खाद्य गिरणीवाल्यांनी विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो पेलेटनंतर किती क्रियाशीलता उरते हा, घालताना किती होती हा नव्हे. आणि फायटेज घालूनही खाद्यातलं डीसीपी पूर्वीइतकंच ठेवलं, तर पैसा वाचत नाही आणि खतातला फॉस्फरसही घटत नाही.